बृहस्पतिवारचा साबण

माझी आई परभणीत चार घरची धुणी-भांडी करते. कॉलेजची पहिली दोन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी सांगितलं, तेव्हा कुणी फारसं काही बोललंही नाही. इथे आधीच सांगून टाकतो, कारण ग्वाल्हेरला जे झालं ते या एका गोष्टीशिवाय नीट कळणार नाही. कपडे धुण्यावरून एवढं काय, असंच वाटेल.

घरी असेपर्यंत माझे कपडे आईच धुवायची. मी बादली ओढली की म्हणायची, "ठेव ते. चार घरचे धुते, तुझे दोन मला जड नाहीत." वसतिगृहात गेल्यावर पहिल्यांदा स्वतःचा शर्ट स्वतः धुतला. कॉलरवरचा मळ घासून घासून बोटांची सालं निघाली, आणि तरी मळ गेला नाही. तेव्हा वाटलं, आई हे रोज चार घरचं करते. त्यानंतर मी माझे कपडे कुणाला धुवायला दिले नाहीत. निश्चय वगैरे म्हटलं तर शब्द मोठा होईल. बाकीची मुलं एका बाईंकडे द्यायची, मी देत नव्हतो, एवढंच. मुलं म्हणायची, कंजूष आहे. मी तसं समजू द्यायचो. खरं कारण सांगायला जमलं नसतं.

आईची आणखी एक सवय सांगायला हवी. ती कामावर जाताना हातात पिशवी नेत नाही. डबासुद्धा नाही. लहानपणी मी विचारलं होतं, तर म्हणाली, "पिशवी नेली की निघताना सगळे पिशवीकडं बघतात."

मी खो-खो खेळतो. त्याच्या जोरावर कॉलेजात टिकलो असं म्हटलं तरी चालेल. पदवी झाल्यावर ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाच्या प्रवेशासाठी बोलावणं आलं. मे महिन्याचा शेवट होता. बुधवारी कागदपत्रं, गुरुवारी मैदानावरची चाचणी, शुक्रवारी सकाळी खेळ आणि मुलाखत. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं: पांढरा टी-शर्ट, पांढरी ट्रॅकपँट, दोन्ही स्वच्छ. आमच्या खेळाच्या सरांनी हे "स्वच्छ" मला तीनदा सांगितलं. म्हणाले, "मळका किट दिसला की रांगेतून बाहेर काढतात. तिथं कुणी तुझं ऐकून घेणार नाही."

आई म्हणाली, दोन जोड घे. मी म्हणालो, एक बस झाला, रोज धुऊन वाळवीन, मे महिन्यात अर्ध्या तासात वाळतं. आईनं माझ्याकडं जरा संशयानं पाहिलं आणि बॅगेत अर्धी साबणाची वडी, नायलॉनची दोरी आणि सहा चिमटे टाकले. प्रवासभर मला त्या तीन वस्तूंचा फार आधार वाटत होता. कुणाच्या घरी राहायचं तर आपला भार पडू नये, याची सगळी तयारी आपल्याकडे आहे, असं वाटत होतं.

राहण्याची सोय सरांनीच केली होती. त्यांच्या नात्यातलं एक मराठी कुटुंब सराफा बाजाराच्या मागच्या गल्लीत राहतं. काकांचे पणजोबा दरबारी कचेरीत होते, काका स्वतः बँकेतून निवृत्त झाले. मुलगी लग्न होऊन गेली, घरात आता काका आणि काकू दोघंच. मी पोचलो तेव्हा काकूंनी दारातच सांगितलं, "ये ये. सरांचा फोन आला होता. तू बिल्कुल टेन्शन नको घेऊस, हे आपलंच घर आहे." त्यांचं मराठी ऐकायला गोड होतं. मध्येच हिंदीत जायचं आणि तिथूनच परत यायचं, त्यांना स्वतःला कळायचंही नाही.

आंघोळ करून मी प्रवासातले कपडे घेऊन न्हाणीघरातच धुवायला बसलो. पाण्याचा आवाज जरा जास्त वेळ येत राहिला असणार. काकूंनी दारावर टकटक केली.

"काय करतोयस रे आत?"

"काही नाही काकू, दोन कपडे आहेत. काढून टाकतो."

"अरे, ठेव ते. आमच्याकडे पाहुणे कपडे धूत नाहीत. बाई येते ना, ती करून टाकेल."

"नको काकू, मला सवय आहे."

"सवय असेल. पण लोक काय म्हणतील, पाहुण्याकडून धुणं करवलं?"

मी दार उघडलं. त्यांनी माझ्या हातातली बादली धरली. मी सोडली नाही, त्यांनीही सोडली नाही. क्षणभर आम्ही दोघं एका बादलीच्या दोन बाजूंना उभे होतो. मग मी सोडली. दुसऱ्याच्या घरात बादली किती वेळ धरून ठेवायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

घरात मशीनही होतं. त्यावर विणलेला रुमाल घातला होता आणि रुमालावर मिक्सर ठेवला होता. ते फक्त चादरींसाठी, असं काकूंनी सांगितलं.

बाई आल्या. आईच्याच वयाच्या असतील. बाहेरच्या जिन्यानं त्या सरळ गच्चीवर जायच्या, तिथल्या नळावर हातपाय धुवायच्या, मग खाली येऊन भांडी घासायच्या, आणि पुन्हा वर जाऊन धुणं. हातपाय धुतल्याशिवाय त्यांनी स्वयंपाकघरात यायचं नाही, हा घरचा नियम होता. काकू या नियमाबद्दल अगदी साधेपणानं बोलल्या, जसं आपण चपला बाहेर काढायच्या म्हणतो.

मी गच्चीच्या दारात उभा राहून पाहिलं. धुण्याच्या दगडावर माझी पँट होती. त्या ती आपटत होत्या, उलटी करून खिसे बाहेर काढून घासत होत्या, आणि मला स्वतःच्या कानांचा रंग बदलल्यासारखं वाटत होतं. शेवटी पुढे गेलो.

"मौसी, ये मेरे हैं. मैं कर लेता हूँ."

त्यांनी मान वर केली. "काए भैया, हम ठीक से नहीं धोते का?"

"नहीं नहीं, वैसा नहीं."

"तो फिर?"

तो फिर काय, ते मला सांगता आलं नाही. माझी आई पण हेच करते, हे हिंदीत सांगायला काही अवघड वाक्य नाही. पण ते सांगून मी त्यांना काय देणार होतो, तेच कळेना. त्या वाट पाहून परत कामाला लागल्या. जिन्यावरून उतरताना मागून ऐकू आलं, "नखरे देखो लड़के के."

बुधवारी कागदपत्रं तपासून झाली, गुरुवारी पहाटे मैदानावर गेलो. धावणं झालं, उडी झाली, मग परीक्षकांनी खो-खोवाल्यांना खांबाजवळ सूर मारून दाखवायला सांगितलं. आमच्या मैदानाची माती काळी आणि मऊ. तिथली पिवळट, बारीक खड्यांची. सूर चांगला बसला, हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही, परीक्षकांनीच "फिर से" म्हणून दोनदा करून घेतला. उठलो तेव्हा छातीपासून पोटापर्यंत आणि दोन्ही गुडघ्यांवर घामात कालवलेली माती बसली होती. मला त्याचं काही वाटलं नाही. अर्धी वडी साबण, सहा चिमटे, मे महिन्याचं ऊन. घरी जायचं आणि धुवायचं. निघताना सांगितलं गेलं की उद्या उन्हामुळे साडेसहालाच हजर राहायचं.

अकराच्या सुमाराला घरी आलो आणि बॅगेतून साबण काढला. काकू समोरच भाजी निवडत होत्या.

"अरे, आज नाही हं. आज बृहस्पतिवार."

मला कळलं नाही. मी म्हणालो, "हो, गुरुवार. उद्या मुलाखत आहे."

"तेच तर. आज घरात साबण लागत नाही. ना कपड्यांना, ना डोक्याला. बाईसुद्धा आज फक्त भांडी करते, राखेनं."

गुरुवारी उपास करतात, दत्ताच्या देवळात जातात, हे मला माहीत होतं. साबण लावायचा नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. काकूंनाही बहुतेक चेहऱ्यावर ते दिसलं. म्हणाल्या, "तुमच्याकडे नसेल. इथे सगळे पाळतात, मग आम्ही पण पाळतो. माझ्या सासूबाईंपासून आहे."

"पण काकू, उद्या साडेसहाला हाच घालायचा आहे."

"मग काय परेशानी आहे? साध्या पाण्यातून काढ. पाणी लागलेलं चालतं. नाहीतर काकांचा पांढरा टी-शर्ट आहे, तो घाल."

काकांचा टी-शर्ट त्यांनी आणूनही दिला. त्यात माझ्यासारखे दोन मावले असते आणि खिशावर कुठल्याशा विमा योजनेची जाहिरात होती. मी तो घडी करून ठेवला आणि किट साध्या पाण्यातून काढला. एकदा, दोनदा, पाचदा. माती गेली. मातीचा रंग राहिला. छातीवर चहा सांडल्यासारखा मोठा डाग आणि गुडघ्यांवर दोन लहान.

सरांना फोन करून विचारावं असं वाटलं. पण काय विचारणार? तुमच्या नातेवाइकांच्या घरात गुरुवारी साबण चालत नाही, तर काय करू? ते म्हणाले असते, अरे सांग ना त्यांना. आणि मी सांगू शकत नव्हतो. एक तर मी त्यांचं फुकट खात होतो. दुसरं, ज्या घरात आपल्याला इतक्या मायेनं ठेवलंय तिथला नियम आपल्यासाठी मोडा म्हणायचं, हे माझ्या तोंडून निघालं नसतं.

म्हणून ओला किट पिशवीत घालून लाँड्री शोधायला निघालो. बाजारातल्या लाँड्रीवाल्यानं पिशवीत डोकावूनही पाहिलं नाही.

"कल शाम."

"भैया, आज शाम को नहीं हो सकता? बस दो कपड़े हैं."

"दो हों या बीस, धुलने जाते हैं तो जाते हैं. मुरार में देख लो, वहाँ मशीन है."

ई-रिक्षात बसून मुरारला, लष्करी छावणीच्या भागात, गेलो. ऊन इतकं होतं की रिक्षाच्या लोखंडी दांडीला हात लागत नव्हता. तिथलं मशीनवालं दुकान सापडलं. आत लष्करी गणवेशांचे गठ्ठे छतापर्यंत. दुकानदार भला माणूस होता, त्यानं किट हातात घेऊन उजेडात धरला आणि विचारलं, "खेलते हो?" मी हो म्हणालो. म्हणाला, "अच्छा है. परसों ले जाना." मी उद्या सकाळचं सांगितलं. त्यानं गठ्ठ्यांकडे हात केला. "इनसे पहले आपका कर दूँ तो ये लोग मुझे धो देंगे." शेजारी उभा असलेला जवान हसला. मलाही हसायला हवं होतं.

परत येईपर्यंत अडीच वाजले होते. येताना पिशवीतला किट वाळून कडक झाला होता, डागासकट. त्या क्षणी मला एवढा वैताग आला होता की रडू येईल असं वाटलं. ऊन होतं, पाणी होतं, साबण होता, हात होते. कपडे धुवायला याहून जास्त काय लागतं? आणि तरी माझा एक टी-शर्ट धुऊन होत नव्हता.

काका-काकू जेवून झोपले होते. कूलरचा आवाज येत होता. मी साबण खिशात घातला आणि आवाज न करता गच्चीवर गेलो.

गच्चीच्या एका बाजूला काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. दुसऱ्या बाजूला नळ आणि धुण्याचा दगड. दगड पायाला भाजत होता. मी टी-शर्ट घासला, ट्रॅकपँट घासली, पिळली, परत घासली. डाग फिका झाला, पण पिवळी झाक जाईना. तिथे कोनाड्यात निळीची बाटली दिसली. आई तिच्या चार घरांपैकी एका डॉक्टरीणबाईंचे पांढरे कपडे निळीतून काढते, हे मी कितीदा पाहिलं होतं. निदान पाहिलं होतं असं मला वाटत होतं. मी बाटलीचं झाकण उघडलं आणि डागावर चार थेंब टाकले. थोडे अजून टाकले. मग चोळलं.

काय झालं ते लगेच दिसलं. छातीवर निळे ठिपके उमटले, हात फिरवला तसे ते लांबट झाले. पाणी ओतत राहिलो. बादली, अजून एक बादली. निळं फिकं झालं, पण गेलं नाही. धुणी-भांडी करणाऱ्या बाईचा मुलगा, आणि नीळ कशी घालतात ते माहीत नाही. कारण आईनं कधी बादलीला हात लावू दिला नाही, आणि मीही कधी वाकून नीट पाहिलं नाही.

ते तिथंच गच्चीवर टाकलं असतं तर वीस मिनिटांत वाळलं असतं. पण कुणी पाहील म्हणून खाली खोलीत आणलं, आईची दोरी खिडकीपासून दाराच्या कडीपर्यंत बांधली, सहाही चिमटे लावले आणि दार आतून लावलं. बाहेर सगळं शहर भट्टीसारखं तापलं होतं आणि माझा किट बंद खोलीत, कूलरच्या दमट हवेत लटकत होता.

चार वाजता बाई आल्याचं कळलं. बाहेरच्या जिन्यावर पावलं वाजली, वर नळ चालू झाला, बंद झाला, मग खाली स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज सुरू झाला. थोड्या वेळानं काकू उठल्या आणि कुरडया उलटायला गच्चीवर गेल्या. त्या लगेच खाली आल्या. त्यांच्या पावलांवरूनच मला समजलं.

मी दगड धुतला नव्हता. एवढी साधी गोष्ट. फेस तसाच वाळून दगडावर पांढरे पापुद्रे धरले होते, मोरीत निळं पाणी साचलं होतं.

"ये साबुन किसने लगाया ऊपर?" काकूंचा आवाज आला. "आज बृहस्पतिवार है, मालूम नहीं?"

"हमने नहीं लगाया, दीदी."

"तो क्या अपने आप लग गया? ऊपर तुम्हीं तो जाती हो."

"हाथ-पैर धोने जाते हैं. आपने ही तो कहा है."

"घर के कपड़े लाकर यहाँ धोती हो, मैं समझती नहीं क्या? पानी भी हमारा, साबुन भी हमारा, और आज के दिन."

भांड्यांचा आवाज थांबला. मग बाई म्हणाल्या, "थैला वहाँ टँगा है. देख लो."

काही पडल्यासारखा आवाज झाला. बहुतेक त्यांनी स्वतःच थैला काढून रिकामा केला असावा. मग त्यांचाच आवाज, अगदी सपाट: "ये डिब्बा है. ये गमछा है, सूखा है. और क्या देखना है?"

काकू काहीतरी पुटपुटल्या, कल से टंकी को ताला लगाऊँगी, असं काहीतरी. भांड्यांचा आवाज परत सुरू झाला. आधीपेक्षा जोरात.

मी दाराच्या आत उभा होतो. हात कडीवर होता आणि कडीला दोरी बांधलेली होती, दोरीवर माझा किट. दार उघडायचं तर दोरी सोडायला हवी. हे मी कारण म्हणून सांगतो आहे की सबब म्हणून, मलाही ठरवता येत नाही. आत्ता जाऊन सांगितलं तर काकू काय म्हणतील, सरांना काय सांगतील, रात्री दुसरीकडे कुठे जायचं, उद्याची मुलाखत, असं सगळं एकावर एक डोक्यात येत होतं. आणि त्या सगळ्याच्या खाली, त्या आवाजात, ये डिब्बा है, ये गमछा है. मी दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. मग दोरी सोडली आणि ओला किट हातात घेऊन बाहेर आलो.

बाई ओट्याजवळ खाली बसल्या होत्या. घासलेली दुधाची मोठी कढई भिंतीला पालथी लावून ठेवली होती. काकू दारात उभ्या होत्या.

"काकू, साबण मी लावला. वर मीच धुतले. यांनी नाही."

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग किटकडे, मग त्यावरच्या निळ्या ठिपक्यांकडे. आणि त्या हसल्या.

"अरे, तू होय. आणि हे काय करून ठेवलंस? काय रंगपंचमी खेळलास?"

"चुकलं काकू. तुम्ही सांगितलं होतं तरी..."

"जाऊ दे रे. मुलाखत आहे तुझी. देवाला काय कळत नाही? पढाईसाठी केलंस, काही हर्ज नाही. पण मला उठवायचं ना, मीच बोलली असती, कर बाबा." त्या खरंच प्रेमानं बोलत होत्या. "चल, आता गच्चीवर टाक ते. इथे काय वाळणार?"

आणि त्या चहा ठेवायला गॅसकडे वळल्या.

मी वाट पाहत होतो. मला वाटत होतं, आता त्या बाईंना काहीतरी म्हणतील. फार नाही, एखादा शब्द. त्यांनी पातेल्यात पाणी घातलं, आलं किसलं, मला विचारलं साखर किती. जे बाईंनी केलं असतं तर टाकीला कुलूप लागणार होतं, ते मी केलं तर रंगपंचमी. मला राग येत होता, आणि ज्यांनी मला माफ केलं होतं त्यांच्यावरच तो येत होता, म्हणून तो कुठे ठेवावा तेही कळत नव्हतं. तोंडातून निघालं ते एवढंच: "काकू, यांना उगाच बोलणी बसली."

"हो ना, मला काय माहीत," काकू म्हणाल्या. "चाय पियोगी?" हे बाईंना.

"नहीं," बाई म्हणाल्या. त्यांनी हात धुतले, डबा आणि गमछा थैल्यात परत घातला. माझ्यासमोरून जाताना थांबल्या.

"मौसी, माफ करना," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातल्या टी-शर्टचं टोक दोन बोटांत धरून पाहिलं. "नील पानी में घोलते हैं पहले. कपड़े पे नहीं डालते." मग म्हणाल्या, "थोड़ा पहले बोल देते, भैया." आणि गेल्या.

शुक्रवारी साडेसहाला मी निळ्या ठिपक्यांच्या किटमध्ये रांगेत उभा होतो. रांगेतून कुणी बाहेर काढलं नाही. एका परीक्षकांनी जवळ येऊन विचारलं, "ये क्या है?" मी म्हणालो, "नील है सर, खुद धोया था." ते म्हणाले, "दिख रहा है," आणि पुढच्या मुलाकडे गेले. मुलाखत बरी झाली. यादी नंतर लागणार होती.

अकरा वाजता परत आलो तेव्हा बाई गच्चीवर दोन दिवसांचं धुणं घेऊन बसल्या होत्या. मी बॅग भरली. वर जावंसं वाटलं, पण जाऊन करणार काय? मदत करतो म्हटलं असतं तर परत तोच प्रश्न आला असता, हम ठीक से नहीं धोते का. खाली काकूंनी प्रवासासाठी पराठे बांधून दिले आणि पुन्हा येशील तेव्हा इथेच उतरायचं, म्हणून वचन घेतलं. मी दिलं. निघताना वरून कपडे आपटल्याचा आवाज येत होता.

गाडी संध्याकाळी होती. पडाव भागात, स्टेशनसमोरच्या एका हॉटेलाच्या बाकावर बसून आईला फोन केला.

"जेवलास का? काय करायलास?"

मी तिला सगळं सांगितलं. कसं सांगितलं माहीत नाही, पण पहिल्यांदाच तिच्या कामाबद्दल मी तिच्याशी इतका वेळ बोलत होतो. निळीचं ऐकून ती हसली. "घेऊन ये, मी काढते डाग," म्हणाली. थैल्याचं सांगितलं तेव्हा हसायची थांबली.

"मग तू लगेच बाहेर आलास का?"

"लगेच नाही. दोन मिनिटं थांबलो."

"घड्याळ बघितलंस?"

"नाही."

"मग दोनच कशावरून?"

 समोरून टेम्पोवाले हाका मारत होते, म्हणून फोन कानाशी घट्ट धरला. आईच पुढे बोलली.

"तू बाहेर आलास तवा दुधाची कढई घासून झाली होती का?"

"झाली होती. पालथी घातली होती."

"ती सगळ्यात शेवटी घेतात. राखेनं घासली ना? खाली लागलेलं दूध असतंय तिला." ती मनात काहीतरी मोजत असावी. "मग दहा तरी मिनिटं," आई म्हणाली.